सैल सोडायला शिकवणारा वर्ग : डोंबिवलीतील एका शिथिलीकरण प्रशिक्षणाचे परीक्षण

डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी भरणारा आठ आठवड्यांचा शिथिलीकरण वर्ग मी नुकताच पूर्ण केला. रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या एक बाई आणि मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला एक तरुण समुपदेशक असे दोघे मिळून तो चालवतात. जाहिरात करायची नाही, ओळखीपाळखीतून येतील तेवढीच माणसे घ्यायची, असा त्यांचा आग्रह असल्यामुळे वर्गाचे नाव इथे देत नाही. तरीही सविस्तर लिहिते आहे, कारण ताण आणि चिंता कमी करून देतो असे सांगणारे वर्ग आता गल्लोगल्ली निघाले आहेत, आणि त्यांतला धडपणे शिकवणारा वर्ग कोणता हे ओळखायला या एका वर्गाचा तपशील उपयोगी पडेल असे मला वाटते.

हा वर्ग आहे त्या मोबदल्यात फार चांगला आहे. त्याचे मुख्य कारण असे की इथे शिथिलीकरण हे शिकायचे कौशल्य मानले जाते. दिवसभराच्या दगदगीनंतर तासभर पडून राहायला मिळणे, मंद संगीत ऐकणे आणि प्रसन्न होऊन घरी जाणे एवढाच हेतू असेल तर त्यासाठी आठ आठवडे खर्च करण्याची गरज नाही. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितले की पोहायला शिकायचे म्हणून कोणी पुराच्या पाण्यात उडी घेत नाही, त्याचप्रमाणे घाबरून छाती धडधडू लागल्यावर शिथिलीकरण शिकता येत नाही. ते बऱ्या दिवसांत शिकून ठेवायचे असते. पुढचा सगळा अभ्यासक्रम या एका विचारावर बेतलेला आहे आणि तो कुठेही भरकटत नाही.

सुरुवात होते ती एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांच्या पद्धतीने. स्नायू ताणलेले असताना मन निवांत असणे शक्य नाही, तेव्हा स्नायूंपासूनच आरंभ करावा, असा त्यांचा विचार होता. १९२९ मध्ये त्यांनी आपली पद्धत वैद्यकीय वाचकांपुढे ग्रंथरूपाने मांडली आणि १९३४ मध्ये सामान्य वाचकांसाठी वेगळे पुस्तक लिहिले. त्यांची मूळ पद्धत इतकी संथ होती की ती पूर्ण शिकायला कित्येक महिने लागत. पुढे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात ती आटोपशीर केली, आणि आज बहुतेक ठिकाणी शिकवतात ती सोळा स्नायूगटांची मांडणी त्यानंतरची आहे. आमच्या वर्गात तीच वापरतात. उजव्या हाताची मूठ वळायची, पाच ते सात सेकंद तशीच धरायची, एकदम सोडून द्यायची आणि नंतरचे अर्धे मिनिट दुसरे काहीही न करता त्या हातात काय होते आहे याकडे लक्ष द्यायचे. मग दंड, मग डावा हात, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, छाती, पोट, मांड्या, पोटऱ्या आणि पावले.

वाचायला हे फार सोपे वाटते, आणि ठिकठिकाणी ते तितक्याच वरवर शिकवलेही जाते. बाईंचे शिकवणे वेगळे वाटले ते त्यांच्या एका सततच्या सूचनेमुळे. बहुतेक लोक मूठ इतकी आवळतात की हात थरथरू लागतो, आणि ती थरथर म्हणजेच व्यायाम नीट झाला असे समजतात. बाई रांगेतून फिरत प्रत्येकाच्या मनगटाखाली दोन बोटे लावून पाहत आणि म्हणत, "एवढं नको. निम्म्यानं आवळा. आता आणखी निम्म्यानं." तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत आम्ही इतका हलका ताण देत होतो की शेजारच्याला तो दिसलाही नसता. जेकबसन यांचाही भर नेमका याच गोष्टीवर होता : ताण किती जोरात देता येतो याला महत्त्व नाही, किती सूक्ष्म ताण ओळखता येतो याला आहे. माझ्या बाबतीत हे जबड्याशी आल्यावर उमगले. मी हिशेब विभागात काम करते. मार्चअखेर जवळ आली की सकाळी उठल्यावर कानशिले ठणकतात. दात किंचित टेकवून ठेवा आणि मग सोडा, असे सांगितल्यावर माझ्या लक्षात आले की सोडा म्हटल्यानंतरही माझे दात एकमेकांना टेकलेलेच आहेत. वरचे आणि खालचे दात यांमध्ये फट राहील, जीभ खालच्या दातांमागे नुसती पडून राहील, ओठ मिटलेले असले तरी आवळलेले नसतील, इतक्या बारकाईने त्यांनी ती स्थिती सांगितली, आणि आता संगणकासमोर बसल्याबसल्याही दातावर दात बसले की मला ते कळते.

पोटऱ्यांचा व्यायाम करताना पाऊल खाली ताणले तर पोटरीत गोळा येतो, म्हणून बोटे आपल्याकडे ओढायची. मानेचे मणके झिजलेल्यांनी मानेचा ताण पूर्णपणे वगळायचा. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी ताण देताना श्वास रोखायचा नाही. पडून उठताना आधी कुशीवर वळायचे, मग बसायचे आणि थोडे थांबूनच उभे राहायचे. या सूचना दर वेळी, न कंटाळता, दिल्या जात. वर्गात साठीच्या पुढचे बरेच जण होते आणि त्यांतले काही रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे होते, म्हणून हे विशेष नोंदवावेसे वाटते.

तिसऱ्या आठवड्यात शवासन येते. हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथाच्या पहिल्याच उपदेशात, म्हणजे प्रकरणात, शवासन थकवा हरण करणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे आहे असे सांगितले आहे, हे योगाच्या वर्गांना जाणाऱ्यांना माहीत असते. त्यापेक्षा कमी माहीत असलेली गोष्ट समुपदेशकाने सांगितली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचा परिणाम पाहिला आणि ते निष्कर्ष १९६९ मध्ये 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांसह काम केलेले एस. एल. विनेकर हे त्या लेखाचे एक सहलेखक होते. बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब उतरला आणि काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली. आजच्या निकषांनी तो अभ्यास लहान ठरेल, हेही समुपदेशकाने त्याच दमात सांगितले. त्यानंतर काही वर्षांतच इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी योगातील शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक (शरीरातले बदल उपकरणावर पाहत त्यांवर ताबा मिळवायला शिकणे) यांची जोड देऊन तुलनात्मक चाचणी केली आणि १९७५ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. तिथेही रक्तदाब उतरलेला दिसला. आपल्याच शहरातल्या सार्वजनिक रुग्णालयात हे काम एवढ्या आधी झाले होते, हे ऐकून मला मनापासून बरे वाटले. आपल्याकडे योगाविषयी अवाजवी दावे करणारे पुष्कळ भेटतात आणि तो विषयच मोडीत काढणारेही भेटतात. मोजमाप करून सांगणाऱ्यांची आठवण क्वचितच काढली जाते.

श्वसनाचा भाग मोजका आणि नेमका आहे. चिंतेत माणूस नकळत भराभर आणि वरच्यावर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, आणि त्यातून चक्कर, बोटांना मुंग्या, छातीत दडपण ही लक्षणे उद्भवतात. ती लक्षणे जाणवली की आपल्याला काहीतरी गंभीर झाले आहे असे वाटून भीती आणखी वाढते. हे चक्र फळ्यावर काढून दाखवल्यानंतर शेजारी बसलेल्या काकांनी, अशा वेळी "दीर्घ श्वास घ्या" असे सगळे सांगतात ते मग चूक का, असा प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर मला या वर्गातले सर्वांत उपयोगी उत्तर वाटले. आधीच जास्त श्वास घेत असलेल्या माणसाने आणखी मोठमोठे श्वास घेतले तर त्रास वाढू शकतो. म्हणून श्वास मोठा करण्यापेक्षा संथ करावा आणि उच्छ्वास लांबवावा. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना उतरते, म्हणून भर सोडण्यावर. आम्हाला चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर एवढेच करायला सांगितले. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास रोखण्याचे प्रकार त्यांनी मुद्दाम घेतले नाहीत, आणि नवशिक्या चिंताग्रस्त लोकांच्या बाबतीत तो निर्णय योग्यच आहे.

या वर्गाचे खरे वैशिष्ट्य मात्र चौथ्या आठवड्यापासून सुरू होते. स्वीडनमधील उप्साला येथील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८७ मध्ये मांडलेली उपयोजित शिथिलीकरणाची पद्धत इथे पायरी पायरीने शिकवली जाते. घरात चटईवर पडून पंधरा-वीस मिनिटांत जे साधते ते ऑफिसात, रांगेत, गाडीत उभ्याउभ्या अर्ध्या मिनिटात साधता आले पाहिजे, हे तिचे उद्दिष्ट. आधी ताण देणे आणि सोडणे. मग ताण न देता नुसते सोडणे. मग उच्छ्वासाबरोबर मनात एक ठरावीक शब्द म्हणत सोडणे, म्हणजे काही दिवसांनी तो शब्द आणि ती अवस्था यांची सांगड बसते. आमच्या वर्गात "सैल" हा शब्द वापरला. त्यानंतर चालताना, लिहिताना, फोनवर बोलताना जे स्नायू कामाला लागलेले नाहीत तेवढे सोडून ठेवायला शिकवतात. मी कळफलकावर आकडे भरताना खांदे कानांपर्यंत उचलून बसते, हे मला या पायरीवर प्रथम कळले. आकडे भरायला बोटे आणि मनगट पुरेसे असतात.

पाचव्या शनिवारी बाईंनी सगळ्यांना टिकल्यांचे एकेक पाकीट वाटले. घड्याळाच्या पट्ट्यावर, मोबाइलच्या मागे, स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फरशीवर, कपाटाच्या आरशावर अशा जिथे दिवसातून वारंवार नजर जाते तिथे टिकली लावायची, आणि ती दिसली की दोन-तीन संथ श्वास घेत, मनात तो शब्द म्हणत, शरीरात कुठे ताण आहे ते पाहून तो सोडायचा. दिवसातून पंधरा-वीस वेळा. ओस्ट यांच्या पद्धतीतही रंगीत ठिपक्यासारखी खूण वापरतात; डोंबिवलीत तिची टिकली झाली, आणि ती कुणाच्या घरी परकी वाटली नाही. हा भाग चटईवरच्या तासापेक्षा जास्त कामाचा ठरला असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दारापासून आत ढकलले जाताना पूर्वी माझे सगळे अंग आवळले जायचे. गर्दी तेवढीच आहे, पण आता दांडी धरलेला हात सोडून बाकीचे अंग मी मोकळे ठेवू शकते आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरताना मान पूर्वीसारखी अवघडलेली नसते.

या पद्धतीला वजन आहे हे सांगायला समुपदेशकाने आणखी एक आधार दिला. इंग्लंडच्या आरोग्य सेवेसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०११ मध्ये, सततच्या सर्वसाधारण चिंतेच्या विकारावर ज्या मानसोपचारांची शिफारस केली त्यांत बोधात्मक वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचारांची आणि वागण्याची घडी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराच्या, जोडीने उपयोजित शिथिलीकरणाचे नाव आहे. दुसरीकडे, नैराश्याच्या बाबतीत अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा आहे की शिथिलीकरण काहीच न करण्यापेक्षा बरे, परंतु प्रत्यक्ष मानसोपचाराची बरोबरी ते करत नाही. दोन्ही गोष्टी एकाच तासात ऐकायला मिळाल्या, याचे मला कौतुक वाटते.

सहाव्या आठवड्यातील योगनिद्रा आणि सातव्या आठवड्यातील कल्पनाचित्रांचा, म्हणजे डोळे मिटून एखादे निवांत दृश्य मनात पाहण्याचा, भाग मात्र तितका उतरला नाही. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी घडवलेल्या पद्धतीत उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात करून शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवत नेतात. ते फिरवणे ठरावीक लयीत झाले तरच परिणाम साधतो. इथे ते काम एका ध्वनिमुद्रणावर सोपवले होते, त्यातले पार्श्वसंगीत आवाजापेक्षा मोठे होते, आणि भाषा इतकी संस्कृतप्रचुर होती की करंगळीला "कनिष्ठिका" म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या दोन आजी डोळे उघडून एकमेकींकडे पाहू लागल्या. ज्या बाई इतके सुंदर घरगुती मराठी बोलतात त्यांनी स्वतःच्या आवाजात ते सांगितले असते तर तो तास सर्वांत चांगला झाला असता. कल्पनाचित्रांत समुद्रकिनारा आणि हिमशिखरे आली. ज्यांनी बर्फ कधी पाहिले नाही त्यांना ते डोळ्यांसमोर आणायला सांगणे फारसे उपयोगाचे नाही. समुपदेशकाने शेवटी ज्याला जी जागा आवडते ती त्याने आठवावी असे सांगितले, ते आधीच सांगायला हवे होते.

शिथिलीकरणाने काहींची अस्वस्थता उलट वाढते, ही गोष्ट बरेच वर्ग सांगत नाहीत. डोळे मिटून शांत पडले की हृदयाचे ठोके मोठ्याने ऐकू येतात, ताबा सुटल्यासारखे वाटते, जुन्या वाईट आठवणी वर येतात. आमच्यातील एका ताईंना दुसऱ्याच आठवड्यात असे झाले. बाईंनी त्यांना लगेच खुर्चीवर बसवले, डोळे उघडे ठेवायला सांगितले, पावले जमिनीला टेकवून केवळ हातांचाच व्यायाम करू दिला, आणि वर्ग संपल्यावर समुपदेशक त्यांच्याशी वेगळा बोलला. पुढे त्या शेवटपर्यंत बसून, उघड्या डोळ्यांनीच शिकल्या. एखाद्या प्रशिक्षकाची पारख करायची असेल तर अशा प्रसंगी तो काय करतो हे पाहावे. "पडून राहा, होईल सवय" असे म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. सातव्या आठवड्यात बोलावलेल्या पाहुण्या वक्त्यांनी, नियमित सराव केला तर रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या आपणहून बंद करता येतात, असे ठणकावून सांगितले आणि ते बोलत असताना संचालकांपैकी कोणीही अडवले नाही. पुढच्या शनिवारी बाईंनी वर्गाच्या आरंभीच स्पष्ट केले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही एकही गोळी कमी करायची नाही, झोपेच्या काही गोळ्या एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, आणि हा वर्ग उपचारांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. स्पष्टीकरण चोख होते, पण मधे सात दिवस गेले. अशा वर्गाला येणारी माणसे आधीच औषधांना कंटाळलेली असतात. त्यांच्या कानावर असे वाक्य पडल्यावर ते त्याच क्षणी दुरुस्त झाले पाहिजे. पाहुणे बोलवायचे असतील तर काय बोलणार हे आधी विचारून घ्यावे, नाहीतर बोलावू नयेत.

वर्गाची फी आठ आठवड्यांना अठराशे रुपये आहे आणि ज्येष्ठांना त्यात सवलत मिळते. चटई व चादर आपली आपण न्यावी लागते. सभागृहाची फरशी थंड आहे आणि चटई पातळ असेल तर पाठीला लागते, म्हणून खाली सतरंजीची घडी घ्यावी आणि गुडघ्यांखाली ठेवायला एखादी लोड किंवा उशी न्यावी. तीसेक जणांमुळे कोपराला कोपर लागतो. वीसच्या वर प्रवेश देऊ नये असे मी त्यांना लेखी सुचवले आहे. घरी भरायचा एक तक्ता देतात, त्यात सरावाआधीचा आणि नंतरचा ताण शून्य ते दहा या मापावर लिहायचा असतो. तो प्रामाणिकपणे भरावा, कारण पहिल्या पंधरवड्यात काहीच फरक पडत नाही असे वाटते आणि तक्त्यातले आकडे मात्र हळूहळू खाली सरकताना दिसतात. माझ्या तक्त्यात पहाटे तीनला जाग येण्याच्या रात्री विरळ झालेल्या दिसतात. त्या पूर्णपणे थांबलेल्या नाहीत.

ज्यांचा ताण मान-खांदे-जबडा-पोट असा शरीरात साठतो, ज्यांना डॉक्टरांनी तपासून दुसरा आजार नाही असे सांगितले आहे, आणि जे रोज वीस मिनिटे काढायला तयार आहेत, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. छातीत दुखणे, वजन उतरणे, थायरॉइडची शंका असे काही असेल तर आधी तपासणी करून घ्यावी, कारण धडधड आणि घाम यांचे कारण दर वेळी मनातच असते असे नाही. जगणे नकोसे वाटत असेल, वारंवार तीव्र घबराटीचे झटके येत असतील किंवा एखाद्या आघाताच्या आठवणी पाठ सोडत नसतील, तर वर्गाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वर्गाच्या तक्त्यावर तळाशी छापलेला आहे, तो ठळक अक्षरांत सर्वांत वर छापावा.

शनिवारची साडेसहाची वेळ मुंबईहून परतणाऱ्यांना गाठता येत नाही. मला शनिवारी लवकर निघता येते म्हणून जमले. पण माझ्या ऑफिसातल्या ज्या दोघी कल्याण आणि बदलापूरहून येतात आणि ज्यांना या वर्गाची माझ्याइतकीच गरज आहे, त्यांना ते शक्य नाही. रविवारी सकाळी एक तुकडी काढा, अशी विनंती आम्ही काही जणांनी सह्या करून दिली आहे. पुढचा वर्ग दिवाळीनंतर सुरू होणार आहे, आणि सभागृह मिळाले तर त्या वेळी रविवारची तुकडीही सुरू करू, असे बाईंनी सांगितले आहे.